तेल काढा, कार्बन गाडा!

एक रुपयाची नोट शेवटची कधी पाहिलीत? आहेराच्या पाकिटावरही हल्ली नाणंच चिकटवलेलं असतं, त्यामुळे तुमचा दोष नाही. पण कधी हाती लागलीच तर उलटी करून बघा. मागच्या बाजूला समुद्रात उभा असलेला एक लोखंडी सांगाडा दिसेल. तो आपला ‘सागर सम्राट’. जपानमध्ये बांधलेल्या याच रिगने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत, समुद्राच्या तळाखाली तेल शोधलं. मे १९७६ मध्ये तिथून उत्पादन सुरू झालं आणि ‘बॉम्बे हाय’ हे नाव घराघरात पोचलं.

तुम्ही म्हणाल, आज हा इतिहासाचा तास कशाला? सांगते. गेल्या महिन्यात माझ्या एका मैत्रिणीला जॉब ऑफर आली. पोरगी घाटकोपरची, डिग्रीने केमिकल इंजिनीअर, सध्या अंधेरीच्या एका ऑफिसात एक्सेल शीटशी झुंजतेय. नवं काम होतं एका मोठ्या कंपनीत, ‘कार्बन मॅनेजमेंट’ टीममध्ये. म्हणजे कारखान्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडायचा, दाबून जमिनीखाली सोडायचा आणि जाता जाता त्याच्याकडून जुन्या विहिरीतलं उरलेलं तेल बाहेर ढकलून घ्यायचं. पॅकेज एकदम सही! पण मॅडमना झोप येईना. रात्री साडेअकराला तिचा मेसेज : ‘तू पत्रकार आहेस ना? मग शोधून सांग, हे खरंच काम आहे की नुसता मेकअप?’

आता मास कॉमवालीला केमिस्ट्री विचारणं म्हणजे रिक्षावाल्याला रनवेचा रस्ता विचारण्यासारखं. पण प्रश्न मैत्रिणीच्या करिअरचा होता. म्हटलं, चला, लावू या छडा.

<b>तेलाचं तळं नसतंच मुळी</b>

सुरुवात केली बोरिवलीच्या आमच्या शेजारच्या काकांपासून. काकांनी आयुष्याची पंचवीस वर्षं चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी अशी काढली. जुहूहून हेलिकॉप्टरने जायचं आणि चौदा दिवसांनी दाढी वाढवून परत यायचं.

‘अगं, तुम्हाला वाटतं खाली तेलाचं तळं असतं आणि आम्ही स्ट्रॉ लावून पितो,’ काका म्हणाले. ‘तळंबिळं काही नसतं. दगड असतो. मुंबई हायला चुनखडीचा. त्या दगडाला बारीक बारीक छिद्रं असतात आणि त्यांत तेल अडकलेलं असतं. स्पंजमध्ये पाणी असतं तसं.’

विहीर खणली की पहिल्यांदा आतल्याच दाबाने तेल वर येतं. हा दाब उतरला की पाणी सोडून तेल ढकलतात. मुंबई हायमध्ये हे पाणी सोडणं १९८४ पासून चालू आहे. जगभराचा अनुभव असा, की हे दोन्ही करूनसुद्धा साधारण ३० ते ४० टक्केच तेल हाती लागतं. बाकीचं दगडाला घट्ट चिकटून बसतं.

‘तेलकट डब्यावर नुसतं पाणी ओतून कधी डबा स्वच्छ होतो का?’ काकांचा सवाल. ‘साबण लागतो!’

तर मंडळी, हा साबण म्हणजे कार्बन डायऑक्साइड. जमिनीखाली पुरेसा दाब असेल तर तो तेलात चक्क विरघळतो. तेल फुगतं, पातळ होतं, दगड सोडतं आणि विहिरीकडे वाहू लागतं. बहुतेक ठिकाणी एकदा पाणी, एकदा वायू असं आलटून पालटून सोडतात. या युक्तीने मूळ साठ्याच्या आणखी ५ ते १५ टक्के तेल निघू शकतं. वर आलेल्या तेलाबरोबर बराचसा वायूही परत येतो. तो वेगळा काढून पुन्हा खाली पाठवतात. दर फेरीत काही भाग दगडाच्या छिद्रांतच अडकून राहतो. हा अडकलेला वायू म्हणजेच ‘साठवलेला कार्बन’.

दाबाचा फंडाही मजेदार आहे. ३१ अंशांच्या वर तापमान आणि समुद्रसपाटीच्या हवेच्या सुमारे ७३ पट दाब असला की हा वायू धड वायू राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. वायूसारखा फटींत शिरतो, पण जागा घेतो द्रवासारखी. मे महिन्यात मुलुंड स्टेशनच्या ब्रिजवर तापमानाची अट सहज पूर्ण होते. गर्दीच्या वेळी दाबाचीही होईल असं वाटतं, पण नाही. त्यासाठी जमिनीखाली साधारण ८०० मीटर जावं लागतं. जमिनीवर १००० लिटर जागा व्यापणारा वायू तिथे तीनेक लिटरमध्ये मावतो. स्टोरेजची आयडिया उभी आहे ती याच आकड्यावर.

आणि हे काही कालचं खूळ नव्हे. अमेरिकेत टेक्सासमधल्या ‘सॅकरॉक’ तेलक्षेत्रात १९७२ पासून हा प्रकार चालू आहे. मुंबई हायचा शोध लागायच्याही दोन वर्षं आधी! कॅनडातल्या वेबर्नमध्ये २००० पासून, सीमेपलीकडच्या अमेरिकेतल्या कोळशाच्या प्लान्टमधून ३२० किलोमीटर लांब पाइपने आलेला वायू जमिनीत जातोय.

<b>आपल्याकडे काय सीन आहे?</b>

मुंबई हायचं वय झालंय. ऐन भरात तिथून दिवसाला सुमारे ४ लाख ७० हजार बॅरल तेल निघत होतं. २०२४ पर्यंत हा आकडा १ लाख ३४ हजारांच्या आसपास आला. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने उत्पादन वाढवायला ब्रिटनच्या ‘बीपी’ला दहा वर्षांसाठी तांत्रिक भागीदार म्हणून निवडलं. म्हणजे म्हाताऱ्या विहिरींतलं उरलंसुरलं काढणं हा आता गंभीर बिझनेस आहे.

कार्बनची बोलणी मात्र आधी गुजरातेत झाली. २०१९ मध्ये ओएनजीसी आणि इंडियन ऑइल यांनी करार केला. वडोदऱ्याजवळच्या कोयली रिफायनरीत कार्बन डायऑक्साइड पकडायचा आणि भरुच जिल्ह्यातल्या गंधार तेलक्षेत्रात सोडायचा. रिफायनरी आणि तेलक्षेत्र दोन्ही जमिनीवर, शिवाय अंतर बेताचं. कागदावर तरी जोडी जमण्यासारखी.

मग मुंबईत का नाही? इथेही जोडी आहेच की! माहुलला बीपीसीएल आणि एचपीसीएलच्या रिफायनऱ्या आहेत, शेजारी चेंबूरला आरसीएफचा खत कारखाना आहे. वायूला तोटा नाही. पण मध्ये समुद्र आहे. कार्बन डायऑक्साइड ओला झाला की त्याचं सौम्य आम्ल होतं, आपल्या सोडा वॉटरमध्ये असतं तेच. पिताना छान लागतं, पण पोलादी पाइपला गंज चढवतं. म्हणजे वायू आधी अगदी कोरडा करा, नाहीतर महागड्या धातूच्या नळ्या टाका. शिवाय प्लॅटफॉर्मवर मोठी यंत्रं बसवायला जागा हवी, आणि तिथे तर इंच इंच लढवावी लागते.

हे सांगता सांगता काका थोडे गप्प झाले. मग त्यांनी जुलै २००५ चा विषय काढला. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो तुमच्या-माझ्या घरात अजून निघतो. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैला, मुंबई हाय नॉर्थचा प्लॅटफॉर्म जळून गेला हे मात्र आपल्यापैकी कितीजणांना आठवतं? एका जहाजावरच्या कुकची बोटं कापली होती, त्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मवर घ्यायचं होतं. पावसाळी हवामानात जहाज प्लॅटफॉर्मवर आदळलं, वायूची नळी फुटली आणि आग लागली. ३८४ पैकी ३६२ जण वाचले. २२ जण गेले.

‘तिथे नवीन नळी टाकायची म्हणजे एक्सेलमध्ये रेघ ओढण्याइतकं सोपं नसतं, हे तुझ्या मैत्रिणीला सांग,’ काका म्हणाले. मी शब्दशः सांगितलं.

<b>आता हिशोब मांडू</b>

आता येऊ मुद्द्यावर. एक बॅरल, म्हणजे १५९ लिटर, तेल जाळलं की साधारण ०.४३ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. अमेरिकेतल्या आजवरच्या अनुभवात या पद्धतीने एक बॅरल काढायला सुमारे ०.३ टन नवा वायू जमिनीत घालावा लागतो. म्हणजे ०.३ आत, ०.४३ बाहेर. वायू पकडायला, दाबायला, वाहून न्यायला जी वीज लागते ती वेगळीच. थोडक्यात काय, तर हा बॅरल नेहमीच्या बॅरलपेक्षा स्वच्छ असेलही, पण ‘कार्बन-फ्री’ नक्कीच नाही. डाएट फरसाण असतं ना, तसंच.

त्यातून एक गोम आहे. अमेरिकेत तेलासाठी वापरला जाणारा बहुतेक वायू कारखान्यांच्या धुराड्यांतून येतच नाही. तो कोलोरॅडोतल्या मॅकेल्मो डोमसारख्या नैसर्गिक साठ्यांतून खणून काढतात. जो लाखो वर्षं जमिनीखाली निवांत झोपला होता, त्याला उठवायचं, दुसरीकडे नेऊन पुन्हा झोपवायचं आणि वर तेल काढायचं. यात पृथ्वीचं भलं कुठे झालं?

आणि पैशाचं गणित? टेक्सासचाच ‘पेट्रा नोव्हा’ प्रकल्प घ्या. २०१७ मध्ये सुरू झाला. कोळशाच्या वीजकेंद्रातला वायू पकडून तेलक्षेत्रात सोडायचा. २०२० मध्ये तेलाचे भाव गडगडले आणि प्रकल्प थांबला. २०२३ मध्ये पुन्हा चालू झाला. म्हणजे धूर पकडायचा की नाही हे हवामानावर ठरलं नाही, तेलाच्या भावावर ठरलं. उलट नॉर्वेतलं स्लाइप्नर बघा. १९९६ पासून समुद्राखाली कार्बन डायऑक्साइड पुरतायत, तेलाचा एक थेंबही न काढता. का? तर नॉर्वे सरकारने १९९१ मध्येच कार्बनवर टॅक्स लावला होता. हवेत सोडण्यापेक्षा पुरणं स्वस्त पडलं, इतकं साधं.

मैत्रिणीला हे पाठवलं तर तिचं उत्तर तयार. ‘पण आपण ८५ टक्क्यांहून जास्त क्रूड बाहेरून आणतो ना? इथला एक बॅरल तिथल्या एका बॅरलच्या ऐवजी आला, तर कार्बनही कमी आणि डॉलरही वाचले!’ मुद्दा बरोबर आहे. अट एकच, की तो खरंच ‘ऐवजी’ आला पाहिजे, ‘आणखी’ नाही. आणि आमच्या सोसायटीचं पार्किंग बघून तरी ‘ऐवजी’वर माझा फारसा विश्वास बसत नाही.

<b>अंधेरीचा काळा खडक</b>

एका रविवारी सकाळी मी तिला गिल्बर्ट हिलला घेऊन गेले. अंधेरी वेस्टला राहून गिल्बर्ट हिल न पाहिलेले शेकडो लोक मला माहीत आहेत, त्यांना माझा दंडवत! झोपड्या आणि टॉवर यांच्या मधोमध ६१ मीटर उंचीचा काळा दगडी सुळका उभा आहे, वर गावदेवीचं देऊळ. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास दख्खनवर जो लाव्हा ओतला गेला, त्याच कुटुंबातला हा दगड. आपला सह्याद्री, रायगड, वेरूळची लेणी, सगळं त्याच बेसाल्टचं.

आता गंमत ऐका. या बेसाल्टमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असतं. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्यांना भेटला की चुनखडीसारखे खनिज तयार होतात. म्हणजे वायूचा चक्क दगड! मग गळतीचं टेन्शनच नाही. आइसलँडच्या ‘कार्बफिक्स’ प्रकल्पात २०१२ मध्ये सोडलेला ९५ टक्के वायू दोन वर्षांच्या आत दगड झाला, असं २०१६ मध्ये जाहीर झालं. शास्त्रज्ञांना यासाठी शेकडो वर्षं लागतील असं वाटायचं.

आणि यावर काम कुठे चाललंय? जेव्हीएलआरवर आपण तासन् तास ज्या गेटसमोर ट्रॅफिकमध्ये उभे असतो, तिथेच. पवईच्या आयआयटीत केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या मदतीने २०२२ मध्ये कार्बन पकडण्याच्या आणि वापरण्याच्या संशोधनासाठी राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. तिथले भूविज्ञानाचे प्राध्यापक विक्रम विशाल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये देशभराचा अंदाज मांडला : भारताच्या जमिनीखाली ३९५ ते ६१४ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड मावू शकेल. त्यातले २९१ अब्ज टन खोलवरच्या खाऱ्या पाण्याच्या थरांत आणि ९७ ते ३१६ अब्ज टन बेसाल्टमध्ये. तेलाच्या विहिरी आणि कोळशाचे थर मिळून उरतात जेमतेम सातेक अब्ज टन.

हा शेवटचा आकडा मी मैत्रिणीला दोनदा वाचून दाखवला. तेलक्षेत्र ही सुरुवात करायला सोयीची जागा आहे. कारण तिथले खडक माहीत आहेत, विहिरी तयार आहेत आणि तेल विकून खर्च निघतो. पण गोदाम म्हणून ते फारच लहान. खरं गोदाम दुसरीकडेच आहे, आणि त्यातून तेलाचा थेंबही मिळणार नाही.

लगेच ढोल वाजवू नका. बेसाल्टला पाणी लागतं आणि तेही भरपूर. कार्बफिक्सच्या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे २५ टन. मराठवाड्यात हे कोणाला सांगणार? शिवाय जमिनीखाली दाब वाढवला की खडक हलू शकतात. आपल्याला कोयना ठाऊक आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप धरणाच्या पाण्याशी जोडला जातो. त्याच भागात गोठणे इथे शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडकांचा अभ्यास केला आहे. असा अभ्यास जागोजागी झाल्याशिवाय कोणी ‘दख्खनमध्ये कार्बन पुरू’ म्हणालं तर आधी त्याला चहा पाजा आणि मग शांतपणे प्रश्न विचारा.

<b>मग हवं कुणाला हे सगळं?</b>

गिल्बर्ट हिलवरून चारी बाजूंना क्रेन दिसतात. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर कुठेही जा, हीच कथा. जुनी चार मजली सोसायटी पाडा, बावीस मजली बांधा. या सगळ्याला सिमेंट लागतं. सिमेंट बनवताना चुनखडी भाजतात, तेव्हा त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. सिमेंटच्या एकूण उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त भाग असा दगडातूनच येतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो सुटणारच. पेट्रोलला पर्याय आहे. मेट्रो आहे, इलेक्ट्रिक स्कूटर आहे, ८.१४ ची फास्ट तर आहेच आहे. सिमेंटला इतका सोपा पर्याय अजून नाही. धूर पकडून पुरायचाच असेल तर तो आधी तिथला पुरा, असं माझं मत झालं. २०२१ मध्ये ग्लासगोला आपण २०७० पर्यंत नेट झिरोचा शब्द दिलाय. तो पेट्रोलला नवा रंग लावून पाळता येणार नाही.

तेव्हा दोस्तांनो, पुढे कधी ‘लो-कार्बन तेल’ अशी चकचकीत जाहिरात दिसली, म्युच्युअल फंडवाल्याने ‘ग्रीन’ स्कीम गळ्यात मारली किंवा तुम्हालाही अशी ऑफर आली, तर तीन प्रश्न विचारा. वायू धुराड्यातून आला की खणून काढला? किती आत राहिला आणि हे मोजतंय कोण, कंपनी स्वतः की बाहेरचं कोणी? आणि विहीर बंद झाल्यावर पुढची पन्नास वर्षं तिच्यावर लक्ष कोण ठेवणार?

मैत्रिणीने इंटरव्ह्यूच्या शेवटच्या राउंडला हे तिन्ही विचारले. पहिल्या दोनांची उत्तरं तिला पटली. तिसऱ्यावर समोरचे दोघे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, ‘याचं धोरण अजून ठरतंय.’

तिने ऑफर घेतली. म्हणाली, ‘ठरतंय ना, मग ठरवताना त्या खोलीत कोणीतरी हा प्रश्न विचारणारं नको का?’ मी तिच्या जागी असते तर नसती घेतली, आणि हे मी तिला तोंडावर सांगितलंय. आमचं अजून भांडण चालू आहे, बहुतेक रोज रात्री साडेअकराला. पहिल्या पगाराची पार्टी मात्र मी सोडणार नाहीये!

तुम्ही काय केलं असतंत? जरूर कळवा. आणि हो, गिल्बर्ट हिलला जाणार असाल तर सकाळी लवकर जा. काळा दगड दहानंतर तापतो आणि पायऱ्या दमवतात. चपला नको, शूज घाला.